तुमचा अनुभव सांगा: 'हे असंच राहू दे' म्हणायचं धाडस कधी आलं?

माध्यमांत नवीन असताना हात चालतो, पण ठरवताना पाय लटपटतात. दोन बऱ्या पर्यायांतला एक निवडून त्यामागे उभं राहायला कोणी शिकवत नाही. तुम्हाला ते कसं जमलं? सल्ले नकोत, घडलेलं सांगा. सुरुवात मी करते.

मी संकलक. पहिल्याच वर्षी एका माहितीपटात मुलाखत देणाऱ्या बाई बोलता बोलता थांबल्या, चष्मा काढून पुसला आणि परत घालायचं विसरल्या. वाक्य संपलं की कट मारायचा ही माझी सवय. तिथे मात्र हात थांबला. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रं; मी त्या शांततेच्या जवळजवळ १०० ठेवल्या. मग घाबरून १२ वर आणल्या, पुन्हा वाढवल्या, रात्रभर हेच. सकाळी दिग्दर्शकांनी विचारलं, "लांबत नाहीये का?" म्हटलं, "त्यांना पुढचं बोलायचं नाहीये, ते इथेच कळतं." त्यांनी शॉट पुन्हा बघितला आणि पुढच्या सीनकडे वळले. तेव्हापासून शंका असलेल्या प्रत्येक कटला टाइमलाइनवर (संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शॉट क्रमाने मांडलेली पट्टी) मार्कर, म्हणजे खूण, लावून एका ओळीत कारण लिहिते. ज्याचं कारण लिहिता येत नाही, तो कट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कामातून उचललेला निघतो.

–

माझं उलट आहे. कारण आधी सुचतच नाही, आधी कानाला खटकतं. मी पॉडकास्टचं ध्वनिसंकलन करतो. सुरुवातीला बोलणाऱ्यांचे सगळे श्वास कापून टाकायचो. ऐकायला स्वच्छ, पण माणूस धापा न टाकता धावतोय असं वाटायचं. खटकत होतं, तरी सीनियरना विचारायला धजत नव्हतो. शेवटी एकाच भागाच्या दोन आवृत्त्या केल्या आणि विषयाशी संबंध नसलेल्या मैत्रिणीला काही न सांगता ऐकवल्या. श्वास ठेवलेली ऐकताना तिने फोन खाली ठेवला. मला तेवढं पुरलं. आता रेकॉर्डिंगच्या वेळी रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेवतो, म्हणजे थांबे हवे तिथे वाढवता येतात.

–

उपसंपादक आहे. एका बातमीचे पाच मथळे दिले आणि 'तुम्हीच निवडा' म्हटलं. मुख्य उपसंपादक म्हणाल्या, "पाच दिलेस म्हणजे एकही दिला नाहीस." लागलं मनाला. पण त्यानंतर पाच मथळे लिहीत राहिले आणि एकच पुढे केला.

–

छायाचित्रण करतो. सोव्हिएत चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या प्रयोगाबद्दल वाचलं होतं: नटाचा एकच चेहरा सूपच्या ताटलीशेजारी लावला की भूक दिसते, शवपेटीशेजारी लावला की दुःख. एकदा माझ्या फ्रेमला 'निर्जीव' म्हटलं गेलं आणि मी खचलो. घरी तीच फ्रेम वेगवेगळ्या शॉट्सशेजारी ठेवून बघितली. रिकाम्या खुर्चीच्या शॉटनंतर ती बोलायला लागली. चूक फ्रेममध्ये नव्हती, जागेत होती. त्याआधी मी कुठलीही टीका ऐकली की सगळंच काम फेकून द्यायचो.

–

मला अजून जमलेलं नाही, तरी लिहिते. मुखपृष्ठं करते, दोन वर्षं झाली. परवा लेखकाने अक्षरं मोठी करायला सांगितली. पहिल्यांदाच लगेच 'हो' न म्हणता एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी दोन्ही छापून, टेबलावर उभी करून, दहा पावलांवरून पाहिली. त्यांचं बरोबर होतं.