बस, मग ट्रेन, मग पहिला तास: उशीर नेमका कुठे होतो?

कोरी_वही
कॉलेजला जायला आधी बस, पुढे ट्रेन. ॲप ५० मिनिटं सांगतं. प्रत्यक्षात कधी ४५ लागतात, कधी ७०. रोज ७० धरून निघायचं तर झोपेचं खोबरं, ५० धरलं तर पहिल्या तासाची हजेरी गेली. शिवाय बस येत नाही तेव्हा येतच नाही, आणि मग दोन एकामागोमाग येतात. असं का होतं? गर्दीत उभं राहून कधी गरगरतं, सॅकचं काय करायचं तेही कळत नाही. आणि एवढ्या वेळात अभ्यास करणं जमतं का कुणाला?

मोजपट्टी
५० मिनिटं म्हणजे साधारण दिवसाचा वेळ. तेवढाच धरून निघालं की जवळपास निम्मे दिवस उशीर होणारच, त्यात नशिबाचा काही संबंध नाही. वीस दिवस फोनमध्ये पाच वेळा टिपून ठेवा: घर सोडलं, बसमध्ये चढलो, बसमधून उतरलो, ट्रेन सुटली, वर्गात पोचलो. एकूण वेळ लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि एकोणिसावा आकडा धरून निघा. मग महिन्याभरात एखादाच उशीर. परीक्षेच्या दिवशी विसावा आकडा, वर एक ट्रेन आधीची.

पण मधले आकडे जास्त बोलके असतात. ७० मिनिटं लागली त्या दिवशी रस्त्यावर २० मिनिटं जास्त गेलेली नसतात. बस ५ मिनिटं रेंगाळते, तुमच्या हाताशी ट्रेनसाठी ४ मिनिटंच असतात, ती सुटते आणि पुढची २० मिनिटांनी. गेली २० मिनिटं! टिपणात हे दिसलं तर अर्धा तास लवकर उठायची गरज नाही. गाडी बदलताना ४ ऐवजी १० मिनिटं हाताशी राहतील एवढंच बघा.

मधला_थांबा
जोडीने येणाऱ्या बसबद्दल. डेपोतून त्या ठरलेल्या अंतरानेच सुटतात. पुढची सिग्नलला थोडी अडकली की पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमलेली असतात. चढण्या-उतरण्यात वेळ जातो, ती आणखी मागे पडते, त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती भराभर येऊन हिला गाठते. चालकाला शिव्या देऊन उपयोग नाही.

वाट जास्त बघावी लागते तीही यामुळेच. दर १० मिनिटांनी नेमाने बस आली तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच बस ५ आणि १५ मिनिटांच्या आड आल्या तर सरासरी सव्वासहा होते, कारण चारातले तिघे त्या १५ मिनिटांच्या फटीतच थांब्यावर येतात.

यातून घ्यायचं ते एवढंच: बऱ्याच वेळाने आलेली बस दारापर्यंत भरलेली असेल तर मागची जवळ असण्याची शक्यता चांगली. नकाशावर गाडी दिसण्याची सोय असेल तर खात्री करा आणि ही सोडा. अर्ध्या तासाला एक बस असलेल्या मार्गावर हा शहाणपणा करू नये.

टेकू
आधी सॅक. गर्दीत ती पोटावर घ्या, म्हणजे मागच्याला धक्का नाही आणि चेनही नजरेसमोर राहते. जड वस्तू अंगालगतच्या बाजूला, पाण्याची बाटली बाहेरच्या कप्प्यात. आत गळली तर आधी लॅपटॉप जातो.

बसमध्ये मुख्य हिसका ब्रेकचा, पुढे-मागे. म्हणून खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं आणि दोन पायांत बसच्या लांबीच्या दिशेने अंतर ठेवायचं. ट्रेन आडवीही हलते, तिथे पाय तिरके. वरच्या कडीपेक्षा छातीच्या उंचीवरचा उभा दांडा बरा, हात लवकर भरून येत नाही.

गरगरणं हलक्यात घेऊ नका. पाय न हलवता उभं राहिलं की रक्त पायांत साठतं; पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात आणि गर्दीत नेमके तेच थांबलेले असतात. त्यात उकाडा, उपाशी पोट, ताठ केलेले गुडघे. म्हणून काही खाऊन, पाणी पिऊन निघा, गुडघे सैल ठेवा, अधूनमधून टाचा उचला. कान बंद झाल्यासारखे वाटले, थंड घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पाय एकमेकांवर घेऊन मांड्या आणि नितंब घट्ट आवळा, मुठी वळा. तरी कमी होत नसेल तर लाज न बाळगता खाली बसा. धडपडत दाराकडे जाऊ नका, पडायचा धोका तिथेच जास्त. वारंवार होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटचा_बाक
अभ्यास उभ्याने होत नाही, हे एकदा मान्य करून टाका. उभं असताना फक्त ऐकणं किंवा आठवणं: कालच्या तासातले पाच प्रश्न रात्री लिहून ठेवा आणि न बघता उत्तरं जुळवा. बसायला मिळालं तर वाचन ट्रेनमध्ये. बसमध्ये वाचताना मळमळतं, कारण शरीराला हालचाल कळते आणि डोळ्यांपुढचं पान स्थिर असतं. अशा वेळी बाहेर दूरवर बघावं. ध्वनिफिती घरूनच उतरवून घ्या. कोलाहलावर मात करायला आवाज वाढवत जाऊ नका: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, ९० ला फक्त ४. इअरफोनला कानात घट्ट बसणारी रबरी टोपणं असली की कमी आवाजातही नीट ऐकू येतं.

कोरी_वही
सगळ्यांचे आभार. पण पुढची सोडली आणि मागची थांब्यावर न थांबताच निघून गेली तर?

मधला_थांबा
होतं तसं. मागचा चालक पुढची उभी बघून बाजूने गाडी काढतो. म्हणून थांब्याच्या मागच्या टोकाला, येणाऱ्या गाडीला दिसाल असं उभं राहा आणि हात लवकर दाखवा. ट्रेन गाठून देणारी तीच शेवटची बस असेल, तर मात्र लटकावं लागणार नसेल आणि दार लागत असेल तर पहिल्याच बसमध्ये शिरा.