स्वतःच्या साइटवर पॉप-अप का सहन करायचे?

मालवणचं_खळं:
आजीचे मालवणी शब्द आणि रांधप मी एका छोट्या साइटवर लिहून ठेवतो. परवा शेजारच्या काकूंनी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी घालायची ते बघायला पान उघडलं तर वर पॉप-अप, म्हणजे मध्येच आडवी येणारी खिडकी, 'फोनमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा', आणि त्यांनी दाबलंच, मग फोन दुकानात नेऊन साफ करून आणला. मी एकही जाहिरात लावलेली नाही! शोधल्यावर कळलं, किती माणसं आली ते मोजायचा फुकटचा काउंटर चिकटवला होता, त्याच्या स्क्रिप्टमधून, म्हणजे पानावर चालणाऱ्या छोट्या कोडमधून, येत होतं सगळं. काढून टाकला. आपल्या खळ्यात आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी कोणीतरी तिसराच त्याच्या अंगावर येतो, मला हे पैसे मिळाले तरी नको.

गुहागर_होमस्टे:
काउंटरचं पटलं. पण सरसकट नको कसं म्हणता? माझी साइट पण घरचीच, पावसात पाहुणे नसतात, तेव्हा डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसे जाहिरातीतूनच निघतात. पूर्ण पानभर जाहिरात आली तर लोक बंद करून पुढे जातात, एवढं काय त्यात.

मालवणचं_खळं:
दादा, जाहिरात वेगळी, पॉप-अप वेगळं. ट्रायपॉड या लोकांना वेबपानं बनवू देणाऱ्या साइटवर पॉप-अपचा कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमननी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात नको त्या पानावर दिसली, म्हणून ती पानापासून तोडून वेगळ्या खिडकीत टाकायची युक्ती निघाली. म्हणजे सोय जाहिरातदाराची झाली, वाचणाऱ्याचा विचार त्यात नव्हताच.

देवगड_कलम:
गुहागरवाले, पैशाचं म्हणाल तर जानेवारी २०१७ पासून मोबाइलवर मजकूर झाकणारी पानं गूगल सर्चमध्ये खाली जाऊ शकतात, म्हणजे पाहुणेच कमी. गूगलची जाहिरात सेवा अ‍ॅडसेन्स असेल तर तिच्या ऑटो अ‍ॅड्समध्ये (आपोआप जाहिराती लावणारी सोय) विन्येट, म्हणजे ती पानभर जाहिरात, बंद करा, बाकीच्या जाहिराती राहतात. खळंवाले, तुमची साधी पानं गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर फुकट बसतील, तिथे ते स्वतःच्या जाहिराती घुसवत नाहीत. आणि कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी, म्हणजे कुठल्या ठिकाणच्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या त्याची यादी, लावा, पानाच्या कोडमधल्या मेटा टॅगनेही चालतं, मग यादीत नसलेल्या ठिकाणची स्क्रिप्ट ब्राउझर चालवतच नाही.

गुहागर_होमस्टे:
विन्येट बंद केलं आत्ताच. पण खाली चिकटलेली जाहिरातीची पट्टी ठेवणार, ती काढा म्हणालात तर ऐकणार नाही.

मालवणचं_खळं:
पट्टीखाली तुमचा फोन नंबर झाकला जातोय, मोबाइलवर उघडून बघा एकदा.