मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनला किंवा फ्रान्समधल्या आरासजवळ कोणी राहतं का?

नमस्कार मंडळी. मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. पुढच्या महिन्यात त्यांना वॉल्टर टल या इंग्लिश फुटबॉलपटूची गोष्ट सांगायची आहे.

1888 साली फोकस्टनला जन्म. वडील बार्बाडोसचे कृष्णवर्णीय, आई इंग्लिश. दोघंही लवकर गेले आणि नऊ वर्षांचा वॉल्टर लंडनच्या अनाथाश्रमात आला. 1909 मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबने त्याला घेतलं. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांच्या एका गटाने त्याच्या रंगावरून त्याला घाणेरड्या शिव्या दिल्या. त्यानंतर टॉटनहॅमने त्याला फारसं खेळवलंच नाही. लीगचे सामने जेमतेम 10, गोल 2. मला हे फार लागतं. 1911 मध्ये नॉर्दॅम्प्टन क्लबचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने त्याला आपल्याकडे नेलं आणि तिथे तो शंभराहून अधिक सामने खेळला!

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि 1914 च्या डिसेंबरमध्ये तो ब्रिटिश लष्कराच्या फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला. गोऱ्या वंशाचा नसलेल्याला अधिकारी करायचं नाही असा लष्कराचा नियम असूनही 1917 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. 25 मार्च 1918 ला फ्रान्समध्ये लढताना मारला गेला. देह सापडलाच नाही. आरासच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

त्या नावाचा आणि नॉर्दॅम्प्टनच्या स्टेडियमजवळच्या त्याच्या स्मारकाचा फोटो कोणी काढून देईल का? अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून हवा.

आणि शिक्षक मंडळींना विचारतो, ब्रिस्टलचा प्रसंग या वयाच्या मुलांना कसा सांगाल? तो गाळायचा नाही, एवढं माझं नक्की आहे.