दिवसभर पथ्य, रात्री अतिखाणे: दोष निग्रहाचा की आणखी कशाचा?

प्रश्न:
दिवसभर मी मोजूनमापून खाते. परंतु रात्री, विशेषतः कार्यालयात कोणाशी खटका उडाला असेल तर, फरसाणाचा डबा संपेपर्यंत हात थांबत नाही. भूक नाही, हे त्या वेळीही कळत असते. घरचे म्हणतात, मनावर ताबा नाही. हे खरे आहे का?

प्रतिसाद १:
ताई, मला तर उलट ताबा जास्त झाल्यासारखा वाटतो. हर्मन आणि मॅक या संशोधकांच्या १९७५ च्या प्रयोगात आधी मिल्कशेक पाजून नंतर हवे तितके आइस्क्रीम खाऊ दिले, तेव्हा खाण्यावर एरवी बंधन न घालणाऱ्यांनी ते कमी खाल्ले, तर सतत बंधन पाळणाऱ्यांनी अधिक खाल्ले. एकदा नियम मोडला की ‘आजचा दिवस गेलाच’ असे वाटून उरलेला लगामही सुटतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे आपण थट्टेने म्हणतो, पण निरीक्षण अचूक आहे. दुपारी पोटभर पोळी-भाजी खाऊन पाहावी.

प्रतिसाद २:
हे पटते; मात्र खटका उडालेल्या दिवशीच डबा का उघडतो, याचे उत्तर त्यात पूर्णपणे मिळत नाही. लहानपणी रडणाऱ्या मुलाच्या हाती आपण खाऊ देतो आणि मोठेपणी तोच उपाय स्वतःवर करतो. खाण्यावर सोबतीचाही परिणाम होतो: द कॅस्ट्रो या संशोधकांनी लोकांच्या आहार-नोंदी तपासल्या, तेव्हा सोबतीला माणसे जितकी जास्त, तितके जेवण मोठे, असे आढळले. आपल्या पंगतीत तर आग्रहाला नकार देणे हा यजमानाचा अपमान समजला जातो. परंतु पाहणारे आपले खाणे जोखत आहेत असे वाटले, तर माणूस हात आखडता घेतो आणि मग एकांतात भरपाई करतो. आपण घरच्यांसमोर कमी खाता का?

प्रतिसाद ३:
थोड्या वेळात खूप खाणे, थांबावेसे वाटूनही थांबता न येणे आणि नंतर तीव्र मनस्ताप, असे आठवड्यातून किमान एकदा याप्रमाणे तीन महिने होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने २०१३ पासून याला स्वतंत्र विकार मानले आहे. त्यावर समुपदेशनाचा उपयोग होतो. घरच्यांच्या टोमण्यांचा होत नाही.

प्रश्नकर्ती:
होय, घरच्यांसमोर मी अर्धीच पोळी घेते, कारण सासूबाईंचे लक्ष माझ्या ताटाकडे असते. डबा मात्र सगळे झोपल्यावरच उघडतो. तज्ज्ञांची वेळ घेत आहे.