फंक्शनमध्ये बदललेलं वजन मेनमध्ये जुनंच का दिसतं?

रावेरची_लेक
घरच्या केळीचा हिशोब ठेवायला सी भाषेत प्रोग्राम लिहितेय. 'गाडी' नावाच्या स्ट्रक्चरमध्ये (एकत्र बांधलेल्या माहितीत) नावासाठी ४० अक्षरांचा ॲरे (ओळीने ठेवलेली अक्षरं), वजन फ्लोट (दशांश) आणि भाव इंट (पूर्णांक). वजनातून घट वजा करणाऱ्या फंक्शनमध्ये प्रिंट केलं तर ११८ क्विंटल येतं, मेनमध्ये (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये) आलं की परत १२०च. नोट्समध्ये नुसतं 'पॉइंटर (म्हणजे मेमरीतला पत्ता) वापरा' लिहिलंय. पण का?

तापीकाठ
बोलावताना & लावून पत्ता द्या, आत -> वापरा. होऊन जाईल.

भुसावळवाला
ताई, वरचा उपाय बरोबर आहे, पण कारण समजून घ्याच. सीमध्ये फंक्शनला दिलेली किंमत कॉपी होऊनच जाते. तुमचं अख्खं स्ट्रक्चर कॉपी झालं. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर खाडाखोड केली म्हणून तलाठ्याकडची नोंद बदलत नाही, तसंच हे. पॉइंटरचीही कॉपीच जाते, पण ती पत्त्याची, आणि त्या पत्त्यावर मूळ गाडीच असते.

पोरं हटकून गोंधळतात ते पुढे. नुसता ॲरे दिला तर त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता जातो, म्हणून आतला बदल बाहेरही दिसतो. तोच ॲरे स्ट्रक्चरच्या पोटात असला की चाळीसच्या चाळीस बाइट कॉपी!

पॉइंटरचं नाव 'ग' धरा. *ग.वजन लिहिलंत तर कंपायलर ओरडेल, कारण टिंबाचा मान ताऱ्याच्या आधी. (*ग).वजन हवं, ग->वजन म्हणजे तेच.

नुसतं छापणाऱ्या फंक्शनलाही पॉइंटरच द्या, फक्त कॉन्स्ट ('बदलू नको' अशी खूण) लावून. तुमचं स्ट्रक्चर बहुतेक मशिनवर ४८ बाइटचं, ६४ बिटवर पॉइंटर ८ चा, म्हणजे कॉपी कमी. शिवाय तिथे चुकून वजन बदललंत तर कंपाइलच होणार नाही. ही सवय आत्ताच लावून घ्या, मनापासून सांगतोय.

रावेरची_लेक
११८ आलं दादा! आता नवी गाडी भरणारं फंक्शन आतच स्ट्रक्चर बनवून त्याचा पत्ता परत करतं. चालेल ना?

भुसावळवाला
अजिबात नाही. फंक्शन संपलं की आतली लोकल जागा मोकळी होते. कधीकधी आकडा बरोबरही दिसतो, म्हणूनच हे जास्त घातक. तिथे स्ट्रक्चरच रिटर्न करा. सीच्या १९८९च्या अन्सी प्रमाणात (अधिकृत नियमांत) त्याला मुभा आहे. गाड्या किती येतील ते आधी ठाऊक नसेल तर मॅलॉकने लागेल तशी जागा मागून घ्या, नल (जागा मिळाली नाही, अशी खूण) तर नाही ना आलं ते तपासा, आणि काम झालं की फ्रीने ती परत करा.