मोहोळातल्या कामाला 'सावड' म्हणता येईल का?

चित्रकलेच्या बाई
नाशिकला शाळेत शिकवते. यंदा मुलांनी गेरूच्या कागदावर वारली पद्धतीने मोहोळ, वारूळ आणि उंबर काढलाय. मोहोळाखालच्या पाटीवर मी 'श्रमविभागणी' लिहिलं. विज्ञानाच्या सरांनी ते खोडून 'श्रमविभाजन' केलं. तेवढ्यात सुरगाण्याहून आलेले एका मुलीचे आजोबा चित्रापाशी थबकले नि म्हणाले, "ही तर सावड." पाटी अजून कोरी आहे. सावड चालेल?

गोदाकाठ
विभाजन म्हटलं की मला आधी फाळणी आठवते, मग पेशी. सरळ 'कामाची वाटणी' लिहा.

शब्दवेडा
वाटणी भावाभावांत होते आणि तलाठ्याकडे जाऊन संपते. सावड किती गोड आहे! स + आवड. आवडीने केलेलं काम.

सटाणेकर
मग कावड म्हणजे का + आवड? आवडीचा काही संबंध नाही हो. आमच्याकडे एकच बैल होता, शेजारच्या काकांकडे एक. दोन्ही मिळून जोडी. आज आमचं रान, उद्या त्यांचं. एका पावसाळ्यात काकांनी आमची पाळी चुकवली, तर आजी वर्षभर त्यांच्या घरी चहा प्यायली नाही. सावड म्हणजे हिशेब आहे, फक्त वहीत नसतो.

पेठची लेक
अगदी. आमच्याकडे भाताच्या आवणीला असतेच. आज तुमच्या खाचरात चारजणी, उद्या त्याच चारजणी माझ्या. इर्जिक वेगळी. तिथे बोलावणारा जेवू घालतो आणि विषय मिटतो.

खानदेशी
याला आम्ही वारंगुळा म्हणतो.

सटाणेकर
वारंगुळा गुरं राखायच्या पाळीला ना?

खानदेशी
तुमच्याकडे असेल. आमच्याकडे निंदणीलासुद्धा.

पेटीवाला
डाळिंबाच्या बागांत सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो, म्हणून बोलतो. मोहोळात 'आज तुझं, उद्या माझं' नसतंच. कामकरी माशी कोशातून बाहेर आली की आधी घरं साफ करते, मग अळ्यांना भरवते, मग मेण काढून पोळं बांधते, दारावर पहारा देते आणि साधारण तीन आठवड्यांनी फुलांवर जाते. गरज पडली तर हा क्रम मागेपुढे होतो. म्हणजे कामं वयाप्रमाणे बदलतात, पण कुणी कुणाचं देणं लागत नाही. सावड बघायची तर मावा कीड पडलेल्या फांदीवर बघा. मुंग्या मावा राखतात, ढालकिडा आला तर हुसकावतात, बदल्यात माव्याच्या अंगातला गोड चिकटा चाटतात. ती रोकडी सावड. बाई, पाटी उंबराखाली हलवा. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, तिथवर पराग नेणारा इवलासा गांधीलवर्गी कीटक अंडीही तिथेच घालतो. एकाला घर, दुसऱ्याला बी.

निवृत्त मास्तर
वयाप्रमाणे कामं म्हणता, पण राणी ती राणीच ना? आपली बारा बलुतेदारीच ती. 'बलुतं' लिहा, अस्सल मराठी शब्द.

पेठची लेक
मास्तर, बलुतं जन्माला चिकटलेलं होतं. कुंभाराच्या पोराने चाकच फिरवायचं. पेटीवाले आत्ताच सांगून गेले की तिथे आज झाडू मारणारी उद्या पहारेकरी होते.

पेटीवाला
आणि राणीसुद्धा जन्माने राणी नसते. राणीचं आणि कामकरीचं अंडं एकच. जिला शेवटपर्यंत राजान्न मिळतं ती राणी होते.

गोदाकाठ
राजान्न! रॉयल जेलीला हा शब्द कुणी केला?

पेटीवाला
मराठी पुस्तकात वाचलाय. पेटीवाले आपसात जेलीच म्हणतात.

शब्दवेडा
असे शब्द असताना जेली कशाला?

सटाणेकर
गिऱ्हाईक तेच मागतं म्हणून. तुम्ही पेटीला मंजूषा म्हणता का?

अण्णा ७२
एक राहिलंच. आमच्याकडे 'सावडायला' तिसऱ्या दिवशी स्मशानात जातात. अस्थी सावडतात. मुलांच्या चित्राखाली तो शब्द नको वाटतो.

पेठची लेक
अण्णा, सावडणं वेगळं, सावड वेगळी. आम्ही आवणीच्या दिवसांत दिवसातून दहादा म्हणतो, कुणी दचकत नाही.

अण्णा ७२
तुम्ही नाही दचकत, मी दचकतो.

चित्रकलेच्या बाई
मग मोहोळाखाली 'कामाची वाटणी', उंबराखाली 'सावड' असं करू का? मुलांनी वारुळाभोवती मुंग्यांची रांग काढलीय, तारप्याच्या नाचासारखी गोल गोल. तिथे 'डोंगळ्यांची रांग' लिहिलंय.

निवृत्त मास्तर
वारूळ वाळवीचं असतं. डोंगळे कसे?

सटाणेकर
आणि डोंगळे म्हटलं की आमच्याकडे आधी कांदाच आठवतो. बियाण्याला लावलेल्या कांद्याला पांढरे गेंद येतात ते.

खानदेशी
ते डेंगळे.

सटाणेकर
डोंगळे! बाजार समितीत विचारा.

पेटीवाला
काहीही म्हणा, पण फुलावर असताना सकाळी फवारू नका. माझ्या दोन पेट्या गेल्या.

खानदेशी
वाईट झालं. पण शब्द डेंगळेच.