ओमारामाचं ग्लायडिंग आणि समुद्रकिनारा: ५ दिवसांत कसं बसवावं?

गुहागरकर:
जानेवारीत न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला जातोय. क्राइस्टचर्चहून भाड्याची गाडी, हातात ५ दिवस. ओमारामाला ग्लायडरमधून (बिनइंजिनाचं विमान) सदर्न आल्प्स बघायचेत आणि किनाराही फिरायचाय. बेत असा: सकाळी ग्लायडिंग, दुपारी निघून पश्चिम किनाऱ्यावरचं मिलफर्ड साउंड. ग्लायडरमधून समुद्र दिसतो का? बाबा बरोबर आहेत, वय ६७, वजन ९५ किलो, गुडघे जरा कुरकुरतात. त्यांना बसवतील का?

घाटमाथा:
मिलफर्ड काढून टाका. एक तर साडेचारशे किलोमीटरच्या वर ड्रायव्हिंग, आणि दुसरं म्हणजे हवा. टास्मन समुद्रावरून आलेला वायव्येचा वारा आल्प्सवर चढताना पश्चिमेकडे पाऊस ओतून मोकळा होतो आणि ओमारामाकडे कोरडा उतरतो. आंबोली आणि घाटापलीकडचा देश, अगदी तसंच. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ओमारामाला त्याचा दहावा हिस्साही नाही. उतरलेला वारा डोंगरामागे उसळतो, ओढ्यातल्या धोंड्यामागे पाणी उसळतं तसा. या उसळीलाच लाट म्हणतात. तिच्या चढत्या अंगाला ग्लायडर इंजिनाशिवाय वर वर जातो. म्हणजे ज्या दिवशी ग्लायडरला लाट झकास, त्या दिवशी मिलफर्डला बहुतेक धो धो!

लाट ओळखायची खूण: भिंगाच्या आकाराचे ढग, वारा सोसाट्याचा असूनही जागचे न हलणारे. त्यांच्या खालच्या थरात हवा गरगरते, तिथून जाताना दणके बसतात. पट्टे घट्ट हवेत.

जानेवारीत लाटेपेक्षा तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवरच जास्त भिस्त असते. ती दुपारी जोर धरते, म्हणून वेळ १ ते ४ मधली घ्या. सकाळची हवा गुळगुळीत, पण चढ नाही: टो-प्लेनने (ओढून वर नेणारं विमान) सोडलं की घसरत खाली, एवढंच. संध्याकाळकडे पूर्वेच्या समुद्रावरून खारा वारा वायटाकी नदीच्या खोऱ्यातून आत शिरतो. तो वायव्येच्या वाऱ्याला भिडतो त्या रेषेवर हवा वर ढकलली जाते. पायलट ती रेषा शोधतच असतात.

समुद्राचं म्हणाल तर पूर्वेचा किनारा शंभरेक किलोमीटर लांब आहे. माउंट कुकच्या आसपास भरपूर उंची आणि निरभ्र आकाश मिळालं तर पश्चिमेचा दिसू शकतो. पण माउंट कुकही ओमारामापासून शंभरेक किलोमीटर. अर्ध्या तासाच्या फ्लाइटमध्ये तिथवर जाणं होत नाही, त्याला लांबची फ्लाइट मागावी लागते.

मिरकरवाडा:
बाबांचं सांगतो. बऱ्याच दोन-सीटर ग्लायडरना एका सीटची मर्यादा ११० किलो असते, पॅराशूट धरून. ते साधारण ६-७ किलोचं. म्हणजे ९५ चालायला हरकत नाही, पण बुकिंग करतानाच खरं वजन सांगा. खरी अडचण गुडघ्यांची. सीट जमिनीलगत, पाय पुढे पसरून जवळजवळ आडवं बसायचं, आणि वेळ पडली तर हातांवर जोर देऊन स्वतःच बाहेर पडता यायला हवं. घरी खुर्चीला हात न लावता जमिनीवरून उठता येतं का, ते आधी बघा.

टोपी मऊ, बिनझडपेची. डोक्यावर बटण असलेली टोपी नको, दणक्यात तेच बटण काचेच्या छताला आपटतं नि डोक्यात रुततं. मोबाइलला दोरी बांधून गळ्यात घाला. हातातून निसटून पेडलपाशी गेला तर स्टिअरिंगच अडकतं. पिवळा खटका टोचा दोर सोडायचा आणि निळा दांडा एअरब्रेकचा, दोन्हीला हात लावू नका. उपाशीपोटी बसू नका, तुडुंब जेवूनही नको. गोल गोल फिरताना स्क्रीनमध्ये बघितलं की मळमळतंच, नजर क्षितिजावर ठेवा. सर्दी असेल तर पुढे ढकला, कानांना दडे बसतात.

हर्णै बंदर:
किनारा पूर्वेच्या ओआमारूचा करा. ओमारामाहून १२० किलोमीटर, एसएच (स्टेट हायवे) ८३, वाटेत बेनमोर, ॲव्हिमोर आणि वायटाकी ही तीन धरणं. एकपदरी पुलांवर पाटीतला लहान लाल बाण आपल्या दिशेचा असेल तर आपण थांबायचं.

तिथून ४० किलोमीटर दक्षिणेला मोएराकीचे गोल धोंडे. ओहोटीला जा, भरतीत अर्धे पाण्यात असतात. भरतीची वेळ काढायचा तिथीच्या पाऊणपटीचा आपला हिशेब तिथे चालत नाही, ओआमारूचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओआमारूतले निळे पेंग्विन जेमतेम ३० सेंटिमीटरचे, अंधार पडल्यावर किनाऱ्यावर येतात, आणि जानेवारीत सूर्यच साडेनऊच्या सुमारास बुडतो. म्हणून मुक्काम ओआमारूतच. पेंग्विनच्या वसाहतीत फोटो काढायला बंदी आहे.

आणि फणसपोळी, सुकट, कोकम जे काही नेणार असाल ते विमानतळावरच्या घोषणेत लिहाच. न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध नेऊच नका. बुटांना चिखल असेल तर घासून धुवा.

गुहागरकर:
म्हणजे आधी ओमारामा ३ रात्री, मग ओआमारू १?

घाटमाथा:
हो, त्याच क्रमाने. फ्लाइट पहिल्याच पूर्ण दिवसाची घ्या. वाऱ्याने रद्द झाली तर ढकलायला मागे एक दिवस राहतो, आणि पेंग्विन वाट बघतील.